आग्नेयेकडून येणारं चित्र

प्रोजेक्टर घेतला की पहिले काही आठवडे सिनेमांत जातात. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "यावर मॅच कशी लावायची?" आणि तेव्हा लक्षात येतं की यंत्राच्या पाठीमागे एचडीएमआय आहे, यूएसबी आहे, हेडफोनचं भोकही आहे, अँटेनाची वायर लावायला मात्र कुठेच जागा नाही. टीव्हीच्या पोटात ट्यूनर असतो, म्हणजे लहरींतून वाहिनी पकडून तिचं चित्र करणारा भाग. प्रोजेक्टरला तो नसतो, त्याला चित्र तयार करून द्यावं लागतं.

यावर मुंबईतलं सरसकट उत्तर म्हणजे इंटरनेट. ते सिनेमाला ठीक. थेट सामन्याला त्याची एक खोड फार जाचते: स्ट्रीम मागे असतो. समोरच्या बिल्डिंगमधून आधी आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला उभा असतो. हवेतून येणारं चित्र पुढे असतं, त्याला महिन्याची वर्गणी नसते आणि वायफाय बसलं म्हणून ते बसत नाही. तेव्हा ते शंभर इंची पडद्यावर नीट कसं आणायचं, हा प्रश्न डोकं घालण्याजोगा आहे.

हवेतून म्हटलं की मुंबईकराची नजर आधी वरळीकडे जाते. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वरळीचा तो ३०० मीटरचा लोखंडी मनोरा अर्ध्या शहराला दिसू लागला. त्या काळचं प्रक्षेपण व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यातलं, लहरी लांबलचक, म्हणून गच्चीवरच्या अँटेनाच्या दांड्याही दोन मीटरहून लांब असायच्या. कावळ्यांची चांगली सोय होती. ते अ‍ॅनालॉग युग आता संपलं. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत डिजिटल भू-प्रक्षेपण सुरू केलं, ते डीव्हीबी-टी२ या पद्धतीचं. ते यूएचएफ या आखूड लहरींच्या पट्ट्यात येतं आणि त्याला हातभर अँटेना पुरतो.

इथे दोन गोष्टी समजून घेतल्या तर पैसे वाचतात. पहिली म्हणजे, अमेरिकेहून मेहुण्याने आणलेला ट्यूनरचा डबा इथे चालणार नाही. तिकडची पद्धत एटीएससी, आपली डीव्हीबी-टी२; चॅनेलची रुंदी, मॉड्युलेशन सगळंच वेगळं. अँटेना कितीही भारी लावा, तो डबा 'नो चॅनेल' म्हणत बसेल. इंग्लंडहून आलेला फ्रीव्ह्यू एचडीचा डबा निदान त्याच पद्धतीचा असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २०१६ ची ती सेवा सुरू झाली तीच मुळी फोन-टॅबसारख्या छोट्या पडद्यांना नजरेसमोर ठेवून, डीडी नॅशनल, डीडी न्यूज अशा मोजक्या वाहिन्या घेऊन आणि साध्या एसडी चित्रात. मनोरा दिसतो म्हणजे एचडी मिळतं, हा हिशेब चुकीचा. प्रोजेक्टरवाल्याने वरळीकडे पाठ फिरवलेली बरी.

फुकट एचडी येतं ते आकाशातून. डीडी फ्रीडिश, म्हणजे डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली दूरदर्शनची विनावर्गणी डीटीएच सेवा, आता जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशापाशी ठाण मांडून आहे. बहुतेक वाहिन्या तिथेही एसडीच, पण दूरदर्शनच्या स्वतःच्या काही वाहिन्या एचडीत आहेत. क्रिकेटवाल्यांसाठी आणखी एक कायदेशीर गंमत आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकांनी प्रसारभारतीला द्यायचं, असा २००७ चा कायदा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असा मिळालेला सिग्नल दूरदर्शनने आपल्या भू-प्रक्षेपणावर आणि आपल्या फ्रीडिशवरच दाखवायचा, खासगी केबल आणि डीटीएचवरून तो जाता कामा नये. म्हणून सामन्याच्या वेळी केबलवर दूरदर्शन लावलं तर दुसराच कार्यक्रम दिसतो आणि फ्रीडिशवर सामना दिसतो. केबलवाल्याशी भांडून उपयोग नाही.

आता दिशा. मुंबईतून जीसॅट-१५ दिसतो तो आग्नेयेला: होकायंत्रावर १३१ अंश, क्षितिजापासून सुमारे साडेसत्तावन्न अंश वर. नकाशा डोळ्यांसमोर आणायचा तर पुणे आणि सातारा यांच्या बरोबर मधून जाणारी रेघ. मुंबईत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून अंशभरही ढळत नाही, त्यामुळे मोबाइलवरचं होकायंत्र चालतं. फक्त गच्चीच्या लोखंडी रेलिंगपासून आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीपासून दोन-तीन मीटर लांब उभं राहून वाचायचं. वास्तुशास्त्रवाल्यांनी आग्नेय कोपरा स्वयंपाकघराला दिल्यामुळे वास्तूप्रमाणे बांधलेल्या इमारतींत फ्रीडिशला सगळ्यांत सोयीची खिडकी नेमकी स्वयंपाकघराची निघते. तिथे एक्झॉस्टच्या तोंडासमोर छत्री, म्हणजे डिश अँटेना, लावू नये. तेलकट वाफेचा थर एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवर सिग्नल टिपणाऱ्या डबीच्या, टोपीवर बसतो, त्यावर धूळ बसते आणि पाऊस पडला की तो ओला लगदा सिग्नल खातो.

साडेसत्तावन्न अंश ही उंची मुंबईसाठी दिलासा देणारी आहे. हा उपग्रह क्षितिजालगत असता तर निम्म्या शहराने आशा सोडली असती. अडथळ्याचा हिशेब सोपा: समोरची इमारत आपल्या छत्रीपेक्षा जितके मीटर उंच, ते अंतराच्या दीडपटीपेक्षा जास्त नसले तर वाट मोकळी. ३० मीटर उंच चढलेली बिल्डिंग २० मीटर लांब असेल तर चालतं. ६० मीटरची असेल तर ४० मीटर हवेत. म्हणूनच गिरगाव-परळच्या जुन्या वस्तीत आज सुरळीत चालणारी छत्री आग्नेयेला रिडेव्हलपमेंटचा टॉवर उभा राहिला की एका वर्षात आंधळी होते. आसपास कोणत्या प्लॉटवर पत्रे लागलेत ते बघूनच जागा ठरवावी.

वाट मोकळी आहे का ते फुकटात तपासायची एक युक्ती आहे. १२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला, आणि पुन्हा १ ऑक्टोबरच्या सुमारास अकराला दहा मिनिटं कमी असताना, सूर्य आकाशात नेमका या उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी ज्या जागी ऊन पडतं तिथे सिग्नल पडतो. खिडकीच्या ग्रिलवर ऊन आहे, पण एक हात खाली वरच्या छज्जाची सावली आहे, असं दिसलं की छत्री कुठे लावायची हे कुणाला विचारायला नको. वर्षातल्या इतर दिवशी मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप वापरावं: फोनची कड डोळ्याला लावून ५७-५८ अंश होईपर्यंत वर करायची आणि कडेच्या रेषेत काय आहे ते पाहायचं. मार्च-ऑक्टोबरच्या त्या दोन तारखांच्या आगेमागे रोज काही मिनिटं चित्र फुटतं, कारण उपग्रहाच्या मागून सूर्य स्वतःचा गोंगाट छत्रीत ओततो. अशा वेळी पाना हातात घेऊन गच्चीवर धावू नये. पाच-दहा मिनिटांत चित्र आपोआप परत येतं. नट सैल केले तर मात्र येत नाही.

जागा गच्चीवर असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि स्लॅबला ड्रिल लावणारच नाही असं पत्रातच लिहावं. सेक्रेटरीची खरी भीती गळतीची असते, छत्रीची नव्हे, आणि ती रास्त आहे: वॉटरप्रूफिंगच्या थरात पाडलेलं एक भोक पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छतावर नकाशा काढतं. पॅरापेटच्या भिंतीच्या आतल्या बाजूला अँकर फास्टनरने ब्रॅकेट लावणं उत्तम. नाहीतर लोखंडी चौकटीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर खांब उभा करायचा. जूनच्या वाऱ्यात साठ सेंटिमीटरची छत्री शिडासारखी ओढते, म्हणून वजनात कंजुषी नको. समुद्राजवळच्या भागात नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. साध्या बोल्टला खारी हवा इतकी धरते की दोन पावसाळ्यांनंतर छत्री हलवायची म्हटली तर बोल्ट फिरत नाही, तुटतो. खांब इमारतीच्या लाइटनिंग अरेस्टरपेक्षा खाली असावा. त्याच्या दांड्याला छत्री बांधायची कल्पना फार सोयीची वाटते आणि तितकीच घातक आहे.

छत्री किती मोठी? कोरड्या दिवसात साठ सेंटिमीटर पुरते. मुंबईत कोरडे दिवस हा वर्षाचा एकच भाग. फ्रीडिश ज्या केयू बँडमध्ये येतं तिथे लहरीची लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि जोराचा पाऊस ती शोषतो, विखुरतो. ९० सेंटिमीटरची छत्री साठच्या सव्वादोनपट सिग्नल गोळा करते, म्हणजे साडेतीन डेसिबल जादा. मध्यम पावसात चित्र टिकणं आणि फुटणं यात बहुधा एवढंच अंतर असतं. ढगफुटीसारख्या सरीत मोठी छत्रीसुद्धा हात टेकते. मोठ्या छत्रीचा किरण अरुंद असल्यामुळे तिची दिशाही जास्त नेमकी लागते, आणि वारा तिला जास्त धरतो. गच्ची असेल तर नव्वद, खिडकीचं ग्रिल असेल तर साठ किंवा पंच्याहत्तर, असं मानून चालावं.

छत्री, युनिव्हर्सल एलएनबी, आरजी-६ केबल आणि एफ-कनेक्टर हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. जुन्या डीटीएच कंपनीची छत्री घरात पडून असेल तर ती चालते. एलएनबीवर ९७५० आणि १०६०० हे दोन आकडे छापलेले आहेत का तेवढं बघावं. केबल घासाघीस करून स्वस्तातली घेऊ नये. आतली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असली तर लांब अंतरावर एलएनबीला पुरेसा दाब पोचत नाही. ३० मीटरपर्यंत चांगली आरजी-६ निर्धास्त लावावी.

सगळ्यांत जास्त बिघाड जिथे होतात ती जागा म्हणजे नखाएवढा एफ-कनेक्टर, आणि तोच सगळ्यांत घाईत लावला जातो. बाहेरचं काळं आवरण सोललं की जाळीचे बारीक केस मोकळे होतात. ते सगळे मागे आवरणावर परतवून घ्यायचे. मग आतलं पांढरं इन्सुलेशन कापून तांब्याची तार उघडी करायची आणि कनेक्टर चढवायचा: पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट आलं पाहिजे, आणि तार कडेच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर. तार आखूड राहिली तर संपर्क कधी होतो, कधी नाही. जाळीचा एखादा केस तारेला चिकटला तर शॉर्ट होतो आणि डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, 'एलएनबी शॉर्ट' अशी ओरड करतो. मग माणसं एलएनबी बदलतात. पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबयंत्राने बसवलेला कनेक्टर उघड्यावर कितीतरी टिकतो. बाहेरच्या जोडावर स्वतःवरच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. एम-सील थापणारे कारागीर असतात. पाणी थांबतं खरं, पण पुढे जोड उघडायचा तर केबल कापण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं. झोळ नसेल तर ते जाळीतून सरकत थेट डब्याच्या सॉकेटपर्यंत येतं आणि तिथे हिरवा गंज धरतो.

आता छत्री लावण्याचं काम. खांब आधी ओळंब्यात आणायचा. खांब दोन अंश कललेला असेल तर ब्रॅकेटवर कोरलेले उंचीचे आकडे खोटे ठरतात, आणि साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा सगळा किरणच जेमतेम तीन अंशांचा असतो. ऑफसेट छत्री पहिल्यांदा बघणाऱ्याला खाली बघत असल्यासारखी वाटते. तिचा फुगवटा असा असतो की ती जिथे बघते त्याहून पंचवीसेक अंश खाली तिचा चेहरा असतो. साडेसत्तावन्न अंशांच्या उपग्रहासाठी तिचा चेहरा उभ्या रेषेपासून साधारण ३२-३३ अंशच मागे झुकलेला असतो. हे माहीत नसलेले लोक तिला आणखी मागे लोटतात आणि तासभर रिकामं आकाश शोधत राहतात.

डब्यावर फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन (लहरी उभ्या की आडव्या ते) व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० भरायचं. दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरलेली दिसली म्हणून खूश होऊ नये. ती एलएनबीला वीज पोचल्याची पावती आहे. क्वालिटी शून्यावरून हलली तरच उपग्रह सापडला. छत्री १३१ अंशांकडे करून उंची ठरवायची आणि मग डावी-उजवीकडे बोटभर सरकवायचं, थांबायचं, तीन सेकंद वाट बघायची, पुन्हा सरकवायचं. डिजिटल डब्याला सिग्नल पकडायला वेळ लागतो. सलग फिरवलं तर उपग्रह कधी निघून गेला ते कळत नाही. पूर्वी गच्चीवरून "आलं का?" आणि खालून "नाही, थोडं उजवीकडे!" चालायचं. आता हॉलमधल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर धरायला सांगावं, आकडा आपल्याला थेट दिसतो.

इथे एक चकवा आहे. अगदी शेजारी, ९५ अंश पूर्वेला, दुसऱ्या डीटीएच सेवेचा उपग्रह आहे, आणि दीड अंशाचं अंतर लहान छत्रीला धूसरच दिसतं. क्वालिटी आली पण स्कॅन केल्यावर दूरदर्शनचं नावच नाही, सगळ्या वाहिन्या कुलूपबंद, असं झालं तर छत्री केसभर पश्चिमेला, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला न्यावी.

मग एलएनबीचं वळण. बहुतेक ठिकाणी ते शून्यावर ठेवून माणसं खाली उतरतात. उपग्रह आपल्या रेखांशाच्या वीसेक अंश पूर्वेला असल्यामुळे त्याच्या उभ्या लहरी मुंबईत उभ्या पोचत नाहीत, भूमितीप्रमाणे जवळपास ४५ अंश कललेल्या पोचतात. एलएनबी शून्यावर ठेवला तर निम्मा सिग्नल वाया जातो. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं, की एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने वळवायचा, आणि शेवटचा शब्द क्वालिटीच्या आकड्याचा. उन्हाळ्यात या वळणाने चित्रात काहीच फरक दिसत नाही, म्हणून कुणी ते मनावर घेत नाही. फरक जुलैत दिसतो. नट आवळताना छत्री किंचित सरकते, तेव्हा आवळून झाल्यावर आकडा पुन्हा बघावा.

जुलैत काय होतं? अ‍ॅनालॉग काळात पावसात मुंग्या यायच्या, पण चित्राची आकृती दिसत राहायची. डिजिटलमध्ये तसं मधलं काही नसतं. क्वालिटी उंबरठ्याच्या वर असेपर्यंत चित्र निर्दोष, खाली आली की चौकोन, आणखी खाली की काळोख. प्रोजेक्टरवर ते चौकोन जरा जास्तच अंगावर येतात. चित्राची गाठोडी १६ बाय १६ बिंदूंची असतात. शंभर इंची पडद्यावर एसडीचं असं एक गाठोडं जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद भरतं.

डब्याची निवड करताना दुकानदाराचं 'एचडी है' ऐकून घ्यायचं आणि खोक्यावरचं वाचायचं. एचडीएमआयचं भोक असणं आणि एचडी वाहिनी उलगडता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या एमपेग-२ पद्धतीने चित्र उलगडणारे डबे एसडी चित्रच ताणून एचडीएमआयमधून पाठवतात आणि पडद्यावर १०८० असा आकडा झळकतो. हवं ते म्हणजे चित्र उलगडण्याची नवी पद्धत एमपेग-४ आणि उपग्रहाचा सिग्नल वाचण्याची नवी पद्धत डीव्हीबी-एस२, दोन्ही. ज्यांच्या होम थिएटरला कॉम्प्युटर जोडलेला आहे त्यांना डीव्हीबी-एस२चा यूएसबी ट्यूनर आणि टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर हा जास्त चांगला रस्ता: रेकॉर्डिंगही होतं आणि चित्रावर ताबा आपला राहतो.

आता पडदा. शंभर इंची पडदा २२१ सेंटिमीटर रुंद असतो. एचडीचे १९२० बिंदू त्यावर पसरले की एक बिंदू १.१५ मिलिमीटरचा, एसडीचे ७२० पसरले की ३.१ मिलिमीटरचा. निरोगी डोळा एका कोनीय मिनिटापर्यंतचे तुकडे वेगळे ओळखतो. त्या हिशेबाने एचडीचे बिंदू चार मीटरवरून एकजीव होतात. एसडीसाठी साडेदहा मीटर मागे बसावं लागेल, म्हणजे शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये. दहा फुटी हॉलमध्ये, तीन मीटरवर सोफा असताना, १२० इंची पडद्याचा हट्ट हा हौसेचा भाग झाला. प्रक्षेपणाचं एचडी बघायचं असेल तर तिथे ८० इंच सगळ्यांत देखणं दिसतं. दुकानात सांगणार नाहीत, कारण तिथे दाखवतात तो ब्लू-रे किंवा फोर-के डेमो असतो.

सह्याद्रीवर जुन्या मैफिली, जुनी नाटकं लागतात, ती ४:३ चौकटीतली. डब्यात 'फुल स्क्रीन' निवडलं की तीच चौकट रुंदीला तेहतीस टक्के ताणली जाते. तंबोरा आडवा सुजतो, गायकाचे गाल फुगतात. दोन बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत आणि प्रोजेक्टरला झूम असेल तर चित्र लहान करावं. जुन्या रेकॉर्डिंगला तो मान दिलाच पाहिजे.

सगळ्यांत जास्त दुर्लक्षित होणारं सेटिंग म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला २५ चौकटींचं, ५० फील्डचं; फील्ड म्हणजे नुसत्या विषम किंवा नुसत्या सम रेषांची अर्धी चौकट. अनेक डबे कारखान्यातून ६० हर्ट्झवर येतात. मग डबा दर पाच फील्डमागे एक पुन्हा दाखवतो, सेकंदाला दहा वेळा. छोट्या टीव्हीवर खपून जातं. मोठ्या पडद्यावर कॅमेरा सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूमागे फिरला की मैदान गचके खात सरकतं. तपासायचं कसं? बातम्यांची वाहिनी लावावी आणि तळाच्या सरकत्या पट्टीवर नजर ठेवावी. अक्षरं तेलावर चालल्यासारखी गेली तर ठीक, हिसके दिले तर डब्यात १०८०आय ५० निवडावं. प्रोजेक्टरच्या माहितीच्या पानावर तोच आकडा दिसला पाहिजे.

१०८०आय की १०८०पी, म्हणजे अर्ध्या चौकटी आळीपाळीने पाठवायच्या की पूर्ण चौकट एकदम, हा प्रश्न मग येतो. विषम आणि सम रेषा जुळवून पूर्ण चौकट करण्याचं काम एकदाच आणि जो चांगलं करतो त्यानेच करावं. स्टंपच्या कडा आणि जाळीच्या रेषा हलताना दातेरी दिसल्या तर प्रोजेक्टर कच्चा आहे. तेव्हा डब्याला १०८०पी ५० वर ठेवून बघावं. दोन्हींत फरक दिसत नसेल तर १०८०आय ठेवा, कारण त्यात केबलवर भार निम्मा पडतो. डबा टीव्ही युनिटमध्ये आणि प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर, मधे फॉल्स सीलिंगमधून दहा-बारा मीटर एचडीएमआय, ही मुंबईतली नेहमीची मांडणी. साधी जाड केबल १०८०आयला बहुधा पुरते. ऑप्टिकल एचडीएमआय घेतली तर तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक डब्याकडे. सीलिंग बंद करण्याआधी चित्र लावून बघा. ती केबल वीजही डब्याच्या पाच व्होल्टमधून घेते आणि स्वस्त डबे तिथेच कमी पडतात: चित्र येतं, दोन मिनिटांनी जातं, पुन्हा येतं. दोष छत्रीचा समजला जातो. क्वालिटीचा आकडा स्थिर असेल आणि तरी पडदा सबंध काळा होत असेल, तर गच्चीवर जाऊ नका, केबल बघा. सिग्नल गेला की आधी चौकोन दिसतात. एचडीएमआय गेली की एकदम निळा किंवा काळा.

आवाज प्रोजेक्टरच्या डबीतून ऐकू नये, एव्हीआर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) किंवा साउंडबारला द्यावा. ब्लूटूथ स्पीकर लावला तर बॅटचा आवाज फटक्यानंतर येतो.

एवढं झालं की वर्षभर फार काही करावं लागत नाही. पावसाळ्याआधी नट आणि टेप बघायची, पावसाळ्यात प्रोजेक्टरजवळ सिलिका जेलची पुडी ठेवायची म्हणजे लेन्सवर बुरशी धरत नाही. फ्रीडिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि नवं वर्ष १ एप्रिलपासून धरतात, त्यामुळे त्या सुमारास काही वाहिन्या गायब होतात, काही नव्या येतात. छत्री सरकली असं समजून कारागिराला बोलावण्याआधी मेन्यूत जाऊन वाहिन्या पुसाव्यात आणि पुन्हा स्कॅन लावावं.